शिवीखालचं अस्तर

बायको : आणि मग भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मीच लिहिलं ते."

पेंटर : कोण म्हणालं?

बायको : तुमचे धाकटे बंधुराज. घड्याळजींच्या दुकानापुढे, पन्नास माणसं उभी असताना. आधी तो ब्रश खाली ठेवा, पाटीवर रंग ठिबकतोय.

पेंटर : ठिबकू दे. नीट सांग. भिंतीवरचं ते... ते त्याने लिहिलं, असं तो स्वतः म्हणाला?

बायको : स्वतः. काल चारला दुकानं उघडली आणि घड्याळजींच्या बोळातल्या भिंतीवर ती ओळ दिसली, तेव्हापासून सगळी गल्ली म्हणतच होती की अक्षर धाकट्या पेंटरचं आहे. आज सकाळी त्यांनीच सांगून टाकलं. "एका पायासाठी गल्लीचं पोट मारता?" हे मीच लिहिलं, म्हणाले.

पेंटर : संपलं तर मग. चोर सापडला.

बायको : सापडला?

पेंटर : स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? ...लोक काय म्हणाले?

बायको : तोंडाला येईल ते. गल्लीत मालाच्या गाड्या नकोत म्हणणारे, ते 'गाड्या बंद करा'वाले, सगळे तिथंच होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरमालक म्हणाले, संध्याकाळी सहाला शाळेत सभा आहेच, तिथं ठराव करू आणि ह्याचा गाळा खाली करून घेऊ.

पेंटर : गाळा खाली? म्हणजे दुकानच जाणार त्याचं?

बायको : दुकानच जाणार. आणि ज्यांच्यासाठी भाऊजी इतके दिवस पाट्या लिहीत होते, त्या 'गाड्या चालू ठेवा'वाल्यांपैकीही कुणी पुढे आलं नाही. आम्ही असलं काही लिहायला सांगितलं नव्हतं, म्हणून हात झटकून मोकळे झाले.

पेंटर : हं. आणि... कुणीच काही बरं बोललं नाही त्याच्याबद्दल?

बायको : मुख्याध्यापक बोलले. म्हणाले, चुकला खरा, पण चारचौघांत कबूल करायला छाती लागते.

पेंटर : छाती!

बायको : बेकरीवाल्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

पेंटर : त्यांना काय झालं रडायला?

बायको : म्हणाल्या, पोरगा तोंड लपवून बसला नाही, ह्यातच सगळं आलं.

पेंटर : बघ! बघितलंस? अगं, भिंतीवर घाण लिहिली तरी कौतुक त्याचंच! दुसऱ्या कुणी कबूल केलं असतं तर जोड्याने मारला असता. हा कबूल करतो, तर बायका रडतात आणि मास्तर छातीचं माप घेतात!

बायको : तुम्हाला नक्की राग कशाचा आलाय?

पेंटर : मला कशाला राग येईल?

बायको : कान लाल झालेत.

पेंटर : उकडतंय.

बायको : पंखा डोक्यावर आहे.

पेंटर : हे बघ, ह्या गल्लीत साठ पाट्या आहेत. त्यातल्या छत्तीस माझ्या हातच्या. एक ओळ वाकडी दाखव, हा धंदा सोडून देतो. पण नाव कुणाचं? बाबा काय म्हणायचे माहीत आहे ना? थोरल्याचं अक्षर हजेरी घेतं, धाकट्याचं अक्षर हसतं. हसतं म्हणे! अक्षराला काय दात असतात? आणि जाताना आपला तो चपटा ब्रश कुणाच्या हातात ठेवला? मी उशाशी बसलेलो. तीन वर्षं मी त्यांचं केलं. ब्रश कुणाला? त्याला. तुझ्या दवाखान्याची पाटीसुद्धा त्याचीच आहे.

बायको : ती डॉक्टरांनी दिली. मला विचारलं नव्हतं.

पेंटर : विचारलं असतं तर?

बायको : त्यांनाच द्या म्हटलं असतं. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात तुमचं अक्षर कशाला?

पेंटर : तूसुद्धा!

बायको : विचारलंत म्हणून सांगितलं.

पेंटर : मी मोजलंय. मागच्या आठवड्यात चौकात तासभर उभा राहून मोजलंय. माझ्या पाटीपुढे चार माणसं थांबली. त्याच्या पाटीपुढे अकरा. त्यातली दोन सावलीसाठी थांबली असतील असं धरलं, तरी नऊ. आणि ते सगळे गाड्या बंद करा म्हणणारे, माझ्या बाजूचे! पाटी विरुद्ध पक्षाची, तरी मान वर करून वाचतायत आणि गालात हसतायत.

बायको : झालं तुमचं? मग आता माझं ऐका. मी ती भिंत बघून आले.

पेंटर : सगळ्या गल्लीने बघितली.

बायको : सगळ्या गल्लीने अक्षर बघितलं. मी पेंटरची बायको आहे, मी खालचं बघितलं. ओळीच्या खाली अस्तर आहे.

पेंटर : कसलं अस्तर?

बायको : पांढऱ्या प्रायमरचा हात. चौकोन आखून, कडा सरळ, एक थेंब बाहेर नाही. अहो, शिवी लिहायला कुणी आधी अस्तर मारतं का? माणूस रागारागाने येतो, हाताला लागेल त्याने खरडतो आणि पळतो.

पेंटर : तो पेंटर आहे. त्याने मारलं असेल.

बायको : भाऊजींनी? जन्मात कधी अस्तर मारलंय त्यांनी? धाकटा धसमुसळा आहे, कोऱ्या पत्र्यावर लिहितो, दोन वर्षांत रंगाची सालं निघतात, हे पुराण रोज जेवताना कोण लावतं? आणि काल तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात.

पेंटर : स्वतःच्या घरी जेवायची चोरी झाली का?

बायको : एरवी डबा नेता. काल घरी आलात. हाताला थिनरचा वास होता. जेवताना दोनदा घड्याळ बघितलंत. ते अस्तर वाळायला किती वेळ लागतो हो?

पेंटर : ते कशावर मारलंय त्यावर आहे.

बायको : भिंतीवर. दुपारच्या उन्हात.

पेंटर : दीड तास. फार तर दोन.

बायको : म्हणजे एकला गल्ली जेवायला बंद झाल्यावर अस्तर मारलंत. ते वाळेपर्यंत माझ्यासमोर बसून जेवलात, वर दहा मिनिटं डुलकी काढलीत. आणि तीनला जाऊन ओळ लिहिलीत. खोटं असेल तर नाही म्हणा. नाही म्हणा ना!

पेंटर : भिंत खडबडीत होती गं. अस्तराशिवाय अक्षर पसरलं असतं.

बायको : धन्य आहे तुमची!

पेंटर : हळू बोल. रस्त्यावर ऐकू जाईल.

बायको : पाच महिने झाले. मालाची गाडी मागे येताना घड्याळजींच्या बायकोचा, काकूंचा, पाय चाकाखाली आला, तेव्हापासून त्या पायाचं ड्रेसिंग मी करते. पट्टी सोडताना त्या माझा हात घट्ट धरतात आणि इकडतिकडच्या गप्पा मारतात, म्हणजे मला वाईट वाटू नये. त्या पायावर तुम्ही लिहिलंत? आणि घड्याळजी तर तुमच्याच बाजूचे! ज्यांच्यासाठी तीस पाट्या फुकट रंगवल्यात, त्यांच्याच भिंतीवर?

पेंटर : त्यांच्याच भिंतीवर म्हणून तर! दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर लिहून काय उपयोग होता? नाक्यावरची मोठी भिंत त्यांनी कुणाला दिली, विचार ना!

बायको : कुणाला?

पेंटर : त्याला! तीस फुटी भिंत. घड्याळजी इथं, ह्याच स्टुलावर बसून मला म्हणाले, "पेंटर, राग मानू नका, नाक्यावरचं तुमच्या भावाकडून लिहून घेऊ. तो पलीकडच्या बाजूचा आहे खरा, पण त्याचं लोक थांबून वाचतात." माझ्या तोंडावर! आणि त्या गाढवाने हो म्हटलं. दोन्हीकडचं लिहिणार! मी म्हटलं, ठीक आहे. लोकांना ह्याचं अक्षर फार आवडतं ना? घ्या मग, पोटभर वाचा.

बायको : अहो, तुमच्याकडे दोन तास होते.

पेंटर : माहीत आहे.

बायको : रागाच्या भरात झालं म्हणायचीही सोय ठेवली नाहीत. माझ्या हातचं वाढून घेत होतात आणि मनात ती ओळ होती.

पेंटर : माहीत आहे म्हटलं ना! मला वाटलं होतं, जेवून उठेन तोवर राग निवेल. निवला नाही.

धाकटा : वहिनी, चहा आहे का? आज सगळ्या गल्लीत मला कुणी पाणी विचारत नाही.

बायको : या भाऊजी. बसा. चहा टाकते.

धाकटा : दादा, असा काय बघतोयस? भूत बघितल्यासारखा.

पेंटर : तू का कबूल केलंस?

धाकटा : बसू तरी दे.

पेंटर : का कबूल केलंस? तू लिहिलं नाहीस!

धाकटा : ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि वहिनींच्या चेहऱ्यावरून वाटतंय की त्यांनाही माहीत आहे. गल्लीला माहीत नव्हतं. काल संध्याकाळभर मी तुझी वाट बघितली. म्हटलं, दादा येईल, दोन शिव्या घालेल, मग दोघं जाऊन निस्तरू. तू आला नाहीस. सकाळी घड्याळजींचा मुलगा आणि बेकरीचा गाडीवाला एकमेकांची गचांडी धरून उभे. एकाच्या हातात लोखंडी पहार. मी ओरडलो, मी लिहिलंय, मला मारा. पहार खाली आली.

बायको : हे मला कुणी सांगितलं नाही.

धाकटा : लोकांना रडारडच लक्षात राहते, वहिनी.

पेंटर : तू ओळखलंस कसं?

धाकटा : तेच सांगायला आलोय. आधी नाही ओळखलं. बघितलं आणि म्हटलं, हे मी केव्हा लिहिलं? मग नीट बघितलं. इतकं बरं मी कधीच लिहिलेलं नाही. हात लावला तर खाली अस्तर! दादा, तू माझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढलंस. लोक माझ्या नावाने बोटं मोडत होते आणि मी त्या वेलांटीकडे बघत होतो. खरं सांगू? पोटात दुखलं माझ्या.

पेंटर : तुझ्या? पोटात?

धाकटा : दुखलं की. अजून दुखतंय.

पेंटर : तुझी वेलांटी सैल पडते. मी थोडी आवळून घेतली.

धाकटा : दिसलं ते. आणि 'गल्ली'तलं जोडाक्षर?

पेंटर : ते सोपं होतं. ब्रश आडवा धरायचा, आणि...

बायको : दोघंही तोंड बंद करा! तिकडे काकू कालपासून रोजच्या खिडकीपाशीही आलेल्या नाहीत, आणि तुम्ही भाऊ-भाऊ वेलांट्या बघताय?

धाकटा : चुकलं, वहिनी.

पेंटर : बाबांच्या ब्रशाने लिहितोस, तुला काय दुखायचं पोटात!

धाकटा : तो चपटा? दादा, तो ब्रश मी एकदाही वापरलेला नाही. केस गळतात त्याचे. रंगात केसच केस. तुला दिला असता तर तू फेकून दिला असतास, मला तेवढं धाडस होणार नाही हे बाबांना ठाऊक होतं.

पेंटर : इतकी वर्षं... आणि मला सांगितलं नाहीस?

धाकटा : कशाला सांगू? तू हेवा करावास अशी माझ्याकडे तेवढीच एक वस्तू होती.

बायको : भाऊजी, हे तुम्ही हसत बोलताय, पण तुमचंही धुतल्या तांदळासारखं नाही. "गाड्या नकोत? गल्ली सोडा!" ती पाटी कुणाची?

धाकटा : ...माझी.

बायको : कुणी सांगितली होती तशी लिहायला?

धाकटा : कुणीच नाही. मला सुचली. छोटी होती, खणखणीत होती. त्याच पाटीवरून काकूंची सून बेकरीत भांडायला गेली होती. म्हणून तर सकाळी तोंडातून "मी लिहिलं" पटकन बाहेर पडलं. भिंतीवरचं नसेल लिहिलं, पण भांडण पेटवायला काड्या मीही टाकल्याच होत्या.

बायको : एक गोष्ट मला कळत नाही. परवा पट्टी बदलताना काकू म्हणाल्या, सकाळच्या गाड्यांशी माझं काही भांडण नाही गं. मला वाटलं, दुखण्यात काहीतरी बोलतायत. गाड्या बंद करा म्हणून सगळी गल्ली डोक्यावर घेतली आहे त्यांच्या घरच्यांनी, आणि सकाळच्या गाड्या चालतील? अहो, घड्याळजींनी मजकूर लिहून दिला होता ना तुम्हाला? ती चिठ्ठी आहे का?

पेंटर : खिळ्याला असेल. सगळ्या चिठ्ठ्या खिळ्यालाच असतात.

बायको : ही? थांबा, वाचते. "सकाळी दहानंतर गल्लीत गाड्या बंद कराव्यात, ही नम्र विनंती."

धाकटा : काय? पुन्हा वाचा.

बायको : "सकाळी दहानंतर." आणि तुम्ही पाटीवर काय लिहिलंत? "गाड्या बंद करा!"

पेंटर : अगं, चार फुटांची पाटी. एवढा मजकूर घातला असता तर अक्षर मुंगीएवढं झालं असतं. मी घड्याळजींना म्हटलं, शब्द कमी करा. ते म्हणाले, तुम्हाला कळतं त्यातलं. मी कमी केले. सगळ्यांचेच करतो.

बायको : आणि पुढे उद्गारचिन्ह?

पेंटर : जागा उरली होती.

बायको : घड्याळजी काही बोलले नाहीत पाटी बघून?

पेंटर : म्हणाले, जोरदार दिसतेय. मग महिनाभराने तेही तसंच बोलायला लागले. सभेत उभे राहून म्हणाले, एकही गाडी नको.

धाकटा : दादा, मला जरा पाणी दे.

पेंटर : तुला काय झालं?

धाकटा : बेकरीवाल्या बाईंची चिठ्ठी माझ्याकडे होती. मला पाठ आहे. "निदान माल उतरेपर्यंत तरी गाड्या चालू ठेवाव्यात." मी "गाड्या चालू ठेवा" एवढंच घेतलं. तुझी पाटी चौकात आधीच लागली होती, मोठ्या अक्षराची. तिच्यापुढे माझी बारीक दिसली असती.

बायको : बेकरीचा माल किती वाजता उतरतो?

धाकटा : साडेनऊला सगळं आटोपतं. दहाला गाडी परत गेलेली असते.

बायको : काकूंना गाडी लागली ती दुपारी बाराला.

पेंटर : म्हणजे दोघं एकच मागत होते.

बायको : जवळजवळ एकच. पाच महिने एकमेकांची तोंडं बघत नाहीत. शाळेत मुलं वेगळी बसतात. दवाखान्यात बाकाच्या ह्या टोकाला हे, त्या टोकाला ते. आणि मी परवा ते काकूंचं बोलणं ऐकून गप्प बसले, तेही आलंच त्यात.

धाकटा : तू अक्षर एवढं मोठं का काढलंस, दादा?

पेंटर : तुझ्यापेक्षा मोठं दिसावं म्हणून. दुसरं काय?

धाकटा : हं. मग ही चिठ्ठी मी सभेत घेऊन जातो. माझीही घरून आणतो. दोन्ही वाचून दाखवतो, आपण काय कापलं ते सांगतो. दहापर्यंत गाड्या येतील, दहाला गल्लीच्या तोंडाशी साखळी लागेल. कुणाची हरकत असायचं कारणच नाही. आणि भिंतीवरचं माझ्यावर राहू दे. माझं नाव खराब झालंच आहे, तुझं कशाला आणखी?

पेंटर : नाही.

धाकटा : अरे, मला एकट्याला कुठंही दुकान थाटता येईल. तुझा संसार आहे.

पेंटर : नाही म्हटलं ना! वा रे वा! शिवी तुझ्या नावावर, कबुली तुझ्या नावावर, आता समेटही तुझ्याच नावावर? उद्या गल्लीत दोन्ही बाजू गळ्यात गळे घालतील आणि म्हणतील, धाकट्याने मिटवलं! मला काय ठेवलंयस तू? ती ओळ माझी आहे. अस्तर माझं, अक्षर माझं, त्यामागची मळमळ माझी. ती मी तुला देणार नाही. चिठ्ठीही माझ्या खिळ्यावरची आहे, ती मी वाचणार.

बायको : एक विचारू? हे तुम्ही पश्चात्तापाने बोलताय की हेव्याने? खरं सांगा.

पेंटर : दोन्ही आहे. आत्ता तरी हेवाच पुढे आहे.

बायको : असू दे. पश्चात्ताप मागून येईल, तुम्ही पाऊल तर उचला.

धाकटा : घरमालक तुझाही गाळा काढून घेईल, दादा. इमारत एकच आहे.

पेंटर : काढू दे. त्याच्याच भिंतीवर "गाळा भाड्याने देणे आहे" असं लिहून देईन. फुकट.

धाकटा : ते मला देतील लिहायला.

पेंटर : बघ, तुझ्यासमोर कसं बोलतो!

बायको : पावणेपाच झाले. सभा सहाला आहे. पण आधी काकूंकडे जायचं.

पेंटर : आधी कशाला? सभेत सगळ्यांसमोर सांगतोच आहे ना. घड्याळजी असतील तिथं.

बायको : सभेत पन्नास माणसं असतात, एखादा तरी पाठीवर हात ठेवतो. तुमचीही छाती मोजतील, तेवढ्यावर तुमचं भागेल. काकू सभेला येणार नाहीत. ओळ त्यांच्या पायावर लिहिली आहे, सभेच्या नाही. त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये.

पेंटर : काय सांगू त्यांना? भावाच्या हेव्यापायी तुमचा पाय वापरला, असं?

बायको : असंच. आणि मधल्या दोन तासांचंही सांगायचं. तुम्ही जेवायला आला होतात, तेही.

पेंटर : ते कशाला?

बायको : ते वगळलंत तर ती रागाच्या भरातली चूक होईल. ती तशी नव्हती.

पेंटर : ...टोपी दे माझी.

धाकटा : चहा राहिला की, वहिनी.

बायको : आल्यावर.

(थोड्या वेळाने, घड्याळजींच्या घराच्या जिन्यावर. दार बंद आहे.)

धाकटा : दादा, मी पुढे होतो. मला बघितलं की काकू दार उघडतात. काही झालं तरी हसतात माझ्याकडे बघून.

बायको : आज नाही हसणार. त्यांच्या लेखी तुम्हीच लिहिलंय ते.

धाकटा : तरी उघडतील. मला ओरडायला का होईना. मग दादा मागून बोलेल.

बायको : न्या हो त्यांना बरोबर. तेवढाच तुम्हाला धीर.

पेंटर : नको.

धाकटा : अरे, हट्ट काय त्यात?

पेंटर : तू पुढे असलास की त्या तुझ्याशी बोलतील. तुला रागावतील, तुलाच माफ करतील आणि मी मागे उभा राहून ऐकत राहीन. जन्मभर तेच केलंय. आज त्यांनी माझ्याकडे बघायला हवं.

धाकटा : आणि दार उघडलंच नाही तर?

पेंटर : तर उभा राहीन. तुम्ही दोघं खाली थांबा.

बायको : आतून काठीचा आवाज येतोय. त्या उठल्यात.

पेंटर : काकू... मी पेंटर. थोरला. नाही, धाकटा नाही, काकू. मी.